स्किनहेड, त्यांचे संगीत आणि वंशद्वेष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्किनहेड म्हणजे नवनाझी, हे खरे आहे का?

नाही. बारीक कापलेले केस, जाड तळव्याचे बूट आणि दंडावर स्वस्तिक गोंदवलेला तरुण ही प्रतिमा चित्रपटांतून आणि बातम्यांतून जगभर पोहोचली आहे. असे तरुण होते आणि आजही आहेत, त्यांनी माणसे मारली आहेत, आणि ते नाकारण्याचे काहीच कारण नाही. मात्र ही उपसंस्कृती १९६० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये जन्मली तेव्हा तिच्या केंद्रस्थानी जमैकातील कृष्णवर्णीय कलावंतांचे संगीत होते, तिच्या पेहरावात जमैकाची राजधानी किंग्स्टनच्या रस्त्यांवरून आलेली ऐट होती आणि तिच्या टोळक्यांत काही ठिकाणी कॅरिबियन घरांतली मुलेही होती. संघटित नवनाझी राजकारण तिच्यात शिरले ते सुमारे दहा वर्षांनी, आणि त्या शिरकावाला स्किनहेडांमधूनच कडवा विरोधही झाला.

इतके सांगून थांबणे मात्र बरोबर नाही. ‘मूळचे स्किनहेड वंशद्वेषी नव्हतेच’ असे उत्तर आज अनेक चाहते देतात, आणि तेही अपुरे आहे. त्याविषयी पुढे स्वतंत्र प्रश्नात सविस्तर लिहिले आहे, कारण दक्षिण आशियाई वाचकांचा त्या भागाशी थेट संबंध आहे.

ही उपसंस्कृती नेमकी कोठून आली?

दोन प्रवाह एकत्र आले. पहिला प्रवाह इंग्लंडमधील मॉड तरुणांचा. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात नीटनेटके सूट, स्कूटर आणि अमेरिकन कृष्णवर्णीय संगीत यांचे वेड असलेले हे तरुण पुढे दोन वाटांना लागले. काही कलाशाळांच्या आणि हिप्पींच्या रंगीबेरंगी जगाकडे वळले, तर कामगारवस्तीत राहणाऱ्या इतरांनी केस आणखी आखूड केले, सूटऐवजी जीन्स आणि बूट घातले आणि ते ‘हार्ड मॉड’ म्हणून ओळखले जाऊ लागले. लंडनच्या पूर्वेकडील गोदी भागात आणि टेम्स नदीच्या दक्षिणेकडील वस्त्यांत १९६८ पर्यंत हेच तरुण स्किनहेड झालेले होते, आणि १९६९ मध्ये हे वारे देशभर पसरले.

दुसरा प्रवाह जमैकाचा. जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज टिलबरी बंदराला लागले. युद्धानंतर ब्रिटनला मनुष्यबळ हवे होते, म्हणून पुढील दीड दशकात कॅरिबियन बेटांवरून मोठ्या संख्येने लोक आले आणि ज्या वस्त्यांत भाडे परवडत होते तेथेच, म्हणजे गोऱ्या कामगारांच्या शेजारी, राहू लागले. त्यांच्या तरुण मुलांबरोबर किंग्स्टनच्या ‘रूड बॉय’ मंडळींची राहणीही आली. घोट्याच्या वर थांबणारी अरुंद पँट, आखूड काठाची टोपी आणि कोणापुढे मान न झुकवण्याचा आविर्भाव हे सारे शेजारच्या गोऱ्या मुलांनी जवळून पाहिले आणि उचलले.

जमैकाचे संगीत गोऱ्या मुलांपर्यंत पोहोचले कसे?

रेडिओवरून तर नाहीच. बीबीसीला या संगीताचे फारसे कौतुक नव्हते. ते पोहोचले साउंड सिस्टिममुळे, म्हणजे मोठमोठे ध्वनिक्षेपक, तबकड्यांचा साठा आणि त्या वाजवणारा एक वाक्पटू माणूस असलेल्या फिरत्या नृत्यसभांमुळे. ड्यूक विन यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास पश्चिम लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागात अशी पहिली सिस्टिम उभी केली. घरांच्या तळघरांत रात्रभर चालणाऱ्या मेळाव्यांतून, ब्रिक्स्टनमधील क्लबांतून आणि बाजारातील तबकड्यांच्या ठेल्यांवरून स्का संगीत शेजारच्या मुलांच्या कानांवर पडू लागले. ‘ब्लू बीट’ या कंपनीच्या तबकड्या १९६० पासून विकल्या जात होत्या, आणि मिली स्मॉल या जमैकन गायिकेचे ‘माय बॉय लॉलिपॉप’ १९६४ मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले.

या कथेत एक भारतीय धागाही आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. १९६८ मध्ये स्थापन झालेली ट्रोजन रेकॉर्ड्स ही कंपनी स्किनहेडांच्या संगीताचे घरच मानली जाते. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक, ली गोप्थल, हे जमैकात जन्मलेले, भारतीय वंशाचे गृहस्थ होते. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६ हजार भारतीय करारबद्ध मजूर म्हणून जमैकाच्या मळ्यांवर नेले गेले. जमैकातील भारतीय समाज त्यांच्यापासून वाढला. गोप्थल यांची लंडनच्या किल्बर्न भागात एक इमारत होती. आयलंड रेकॉर्ड्सचे क्रिस ब्लॅकवेल तेथे भाडेकरू म्हणून आले आणि पुढे दोघांनी मिळून ट्रोजन उभी केली. कंपनीचे नाव किंग्स्टनचे निर्माते ड्यूक रीड यांच्या साउंड सिस्टिमची वाहतूक करणाऱ्या ट्रकवरून आले. शिरस्त्राण घातलेल्या योद्ध्याचे तिचे बोधचिन्ह आजही अनेक स्किनहेडांच्या छातीवर दिसते. भारतीय वंशाच्या माणसाने उभ्या केलेल्या कंपनीचे हे चिन्ह मिरवणाऱ्यांपैकी काहींनीच पुढे लंडनच्या साउथॉल आणि ब्रिक लेनमध्ये भारतीय उपखंडातील लोकांना मारहाण केली असेल, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

‘स्किनहेड रेगे’ म्हणजे कोणते संगीत?

जमैकातील संगीत त्या दशकात फार वेगाने बदलत होते. ऑगस्ट १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा स्काचा जोर होता. त्यात गिटार आणि पियानो ठोक्यावर न वाजता दोन ठोक्यांच्या मध्ये वाजतात, खाली बास चालत राहतो आणि वर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांचे दणदणीत तुकडे येतात. १९६६ च्या सुमारास गती मंदावली, वाद्यवृंद लहान झाला आणि गायकांच्या त्रयींना महत्त्व आले, हे रॉकस्टेडी. १९६८ पासून ठोका पुन्हा चपळ झाला, पण या वेळी ऑर्गनची बुडबुड्यांसारखी फिरत राहणारी साथ आणि पुढे आलेला बास घेऊन. हे सुरुवातीचे रेगे. १९६८ ते १९७१ या काळातील याच नाचण्याजोग्या, झटपट, अनेकदा शब्दांविना असलेल्या रेगेला ब्रिटनमध्ये स्किनहेड रेगे हे नाव पडले.

या तबकड्यांची मुख्य गिऱ्हाइके कॅरिबियन कुटुंबे आणि गोरे स्किनहेड अशी दोन्ही होती, आणि त्यांनी मिळून रेगेला प्रथमच मुख्य यादीत पोहोचवले. डेस्मंड डेकर यांचे ‘इझ्रायलाइट्स’ एप्रिल १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. पहाटे उठून राबणाऱ्या आणि तरीही पोट न भरणाऱ्या माणसाचे ते गाऱ्हाणे आहे. बोली न समजताही पूर्व लंडनच्या कामगारपोरांना ते आपले वाटले, यात मला नवल वाटत नाही. त्याच वर्षी हॅरी जे ऑल स्टार्सचे ‘लिक्विडेटर’ आणि ली पेरी यांच्या अपसेटर्सचे ‘रिटर्न ऑफ जँगो’ ही दोन्ही वाद्यगीते गाजली. ‘लिक्विडेटर’ फुटबॉलच्या मैदानांवर आजही वाजते.

कलावंतांनीही आपल्या श्रोत्यांना ओळखले होते. क्यूबात जन्मलेले आणि जमैकात वाढलेले लॉरेल एटकेन ब्रिटनमध्ये स्थायिक होऊन थेट स्किनहेडांसाठी गाणी करू लागले. सिमारिप या ब्रिटनमधील कृष्णवर्णीय वादकांच्या गटाने ‘स्किनहेड मूनस्टॉम्प’ ध्वनिमुद्रित केले. चंद्रावर माणूस उतरला त्या वर्षी डेरिक मॉर्गन यांनी ‘मून हॉप’ हे गाणे केले होते, त्याचेच हे रूपांतर, आणि त्यात बूट आपटत नाचण्याचे उघड आमंत्रण आहे. कृष्णवर्णीय गायक गोऱ्या मुलांना नावाने हाक मारून नाचायला बोलावतो आणि ती मुले येतात, हे १९६९–७० मधील ब्रिटनमध्ये घडत होते. ज्याला या उपसंस्कृतीचा उगम समजून घ्यायचा आहे त्याने ही तबकडी ऐकावी.

केस इतके आखूड का? आणि बूट, पट्टे, शर्ट यांचा अर्थ काय?

प्रारंभी डोके गुळगुळीत भादरलेले नसे. यंत्राने बारीक कापलेले केस, कधी त्यात वस्तऱ्याने पाडलेला भांग, असा तो कट होता. लांब केसांच्या हिप्पींपासून वेगळे दिसणे हा एक हेतू होता. शिवाय गोदीत आणि कारखान्यात आखूड केस सोयीचे, आणि मारामारीत कोणी धरू शकत नाही, असेही त्यामागे होते.

कपडे कामगाराचे होते, पण गबाळे मुळीच नव्हते. डॉक्टर मार्टेन्सचा आठ छिद्रांचा बूट १ एप्रिल १९६० रोजी नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातील वोलस्टन गावच्या कारखान्यातून प्रथम बाहेर पडला तेव्हा तो टपालवाले आणि कारखान्यातले मजूर यांच्यासाठी होता. जीन्स आखूड करून तो बूट पूर्ण दिसेल अशी घालायची, वर बेन शर्मनचा चौकटीचा शर्ट किंवा फ्रेड पेरीचा टेनिस शर्ट, खांद्यांवरून बारीक पट्टे आणि हॅरिंग्टन जाकीट. ही झाली दिवसाची वेशभूषा. संध्याकाळी नाचायला जाताना मात्र दोन रंगांत चमकणाऱ्या कापडाचा शिवून घेतलेला सूट, चकचकीत पॉलिश केलेले बूट आणि थंडीत क्रॉम्बी कोट असे. आठवड्याच्या पगाराचा मोठा वाटा यात जाई. आपण गरीब आहोत याची लाज नाही, आणि गरीब आहोत म्हणून कोणी आपल्याला मळके समजू नये, ही भावना त्या इस्त्रीच्या प्रत्येक घडीत होती. मुंबईच्या गिरणगावात चाळीतल्या एका खोलीत राहूनही सणाला कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा अभिमान समजावून सांगावा लागणार नाही.

१९६९ चे स्किनहेड वंशद्वेषापासून खरोखर मुक्त होते का?

नव्हते. या प्रश्नावर सर्वांत जास्त गोलमाल उत्तरे मिळतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कॅरिबियन तरुणांशी त्यांचे नाते जवळिकीचे होते. शाळा, गल्ली, नृत्यगृह, फुटबॉलचे मैदान हे सारे समाईक होते. ते नाते नेहमीच सलोख्याचे होते असे नाही. मुलींवरून आणि हद्दीवरून मारामाऱ्या होत. तरीही ज्याचे संगीत आपण ऐकतो आणि ज्याच्यासारखे चालण्याचा प्रयत्न करतो, त्याच्याविषयी एक आदर होता. दक्षिण आशियाई लोकांविषयी तो नव्हता. १९७० पर्यंत रस्त्यात एकट्या सापडलेल्या आशियाई माणसाला गाठून मारणे हा अनेक स्किनहेड टोळक्यांचा नित्याचा ‘खेळ’ झाला होता, आणि त्याला त्यांच्यात एक तिरस्कारयुक्त नावही होते. त्या नावात पाकिस्तानचा उल्लेख असला तरी मार खाणाऱ्यांत भारतीय, पूर्व पाकिस्तानातील बंगाली, पूर्व आफ्रिकेतून आलेले आशियाई असे सगळे असत. मारणाऱ्याला फरक ठाऊक नव्हता आणि जाणून घ्यायचाही नव्हता. एप्रिल १९७० मध्ये पूर्व लंडनमध्ये तोसिर अली यांचा कामावरून घरी परतताना खून झाला, तेव्हा या हल्ल्यांची चर्चा देशभर झाली.

असे का झाले असावे? राजकीय हवा हे एक कारण निश्चित आहे. १९६८ च्या मार्चमध्ये केनियातील आशियाई लोकांना ब्रिटनमध्ये येण्यापासून रोखणारा कायदा घाईघाईने संमत झाला. ब्रिटिश पारपत्र असूनही दारे बंद झालेल्या या लोकांत गुजराती आणि पंजाबी यांच्याबरोबर नैरोबी आणि मोंबासा येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले गोवेकरही होते. पुढच्याच महिन्यात, २० एप्रिलला, खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केले. पक्षनेतृत्वाने त्यांना पदावरून दूर केले, पण लंडनच्या गोदी कामगारांनी त्यांच्या समर्थनार्थ संसदेवर मोर्चा नेला. त्या कामगारांची मुले आणि धाकटे भाऊ म्हणजेच स्किनहेड. घरात जे बोलले जात होते ते त्यांनी रस्त्यावर आणले.

दुसरे कारण असे की आशियाई शेजाऱ्याशी त्यांना जोडणारे काहीच नव्हते. त्याची भाषा वेगळी, धर्म वेगळा, तो नृत्यगृहात येत नसे, आणि तो उलटून मारणार नाही अशी समजूत होती. एका समाजाच्या संगीतावर प्रेम केल्याने दुसऱ्या समाजाविषयीचा द्वेष आपोआप नाहीसा होत नाही, हे या इतिहासातून लख्ख दिसते. आजच्या स्किनहेडांपैकी जे प्रामाणिक आहेत ते ही गोष्ट मान्य करतात. जे १९६९ ला वंशभेदविरहित सुवर्णयुग ठरवतात, ते मार खाल्लेल्या माणसांना इतिहासातून दुसऱ्यांदा हाकलतात, असे माझे मत आहे.

हिप्पी आणि समलैंगिक पुरुष हेही या टोळक्यांचे बळी होते. फुटबॉल सामन्यांतील दंगली तर इतक्या वाढल्या की मैदानाच्या दारात पोलीस बुटांच्या नाड्या काढून घेत.

ही पहिली लाट ओसरली कशी?

१९७१ नंतर केस थोडे वाढले, पेहराव अधिक औपचारिक झाला आणि ‘स्वेडहेड’ ही पुढची शैली आली. संगीतही दूर गेले. जमैकातील रेगे आता रास्ताफारी या जमैकन धार्मिक पंथाकडे, आफ्रिकेकडे आणि कृष्णवर्णीय अस्मितेकडे वळले, आणि गोऱ्या श्रोत्याला आपण आता पाहुणे आहोत असे वाटू लागले. ट्रोजन कंपनी १९७५ मध्ये डबघाईला आली.

टू टोनचा आणि स्किनहेडांचा संबंध काय?

१९७६–७७ मध्ये पंक या वेगवान, बंडखोर रॉक संगीताच्या लाटेबरोबर स्किनहेड पुन्हा दिसू लागले, आणि १९७९ मध्ये कोव्हेंट्री शहरात जेरी डॅमर्स यांनी टू टोन ही कंपनी काढली. मोटारींच्या कारखान्यांचे हे शहर बेकारीने पोखरले जात होते. डॅमर्स यांचा स्वतःचा गट द स्पेशल्स यात गोरे आणि कृष्णवर्णीय वादक एकत्र होते. शेजारचा द सिलेक्टर हा गट पॉलीन ब्लॅक यांच्या गायनाने ओळखला जाई, बर्मिंगहॅमहून द बीट आले, लंडनहून मॅडनेस. काळ्या-पांढऱ्या चौकटी हे कंपनीचे चिन्ह होते. जुन्या स्काला पंकची धार देऊन, एकत्र उभे राहून एकत्र वाजवणे, हीच त्यांची राजकीय भूमिका होती. तिच्यासाठी वेगळ्या जाहीरनाम्याची गरज नव्हती.

जुन्या पिढीशी त्यांचे नाते कृतज्ञतेचे होते. मॅडनेसने आपले नावच प्रिन्स बस्टर यांच्या गाण्यावरून घेतले आणि पहिली तबकडी त्यांनाच अर्पण केली. स्पेशल्सचे ‘अ मेसेज टू यू, रूडी’ हे मूळ डँडी लिव्हिंगस्टन यांचे १९६७ चे गाणे. त्या मूळ ध्वनिमुद्रणात ट्रॉम्बोन वाजवणारे रिको रॉड्रिगेझ हेच बारा वर्षांनी स्पेशल्सच्या ध्वनिमुद्रणातही वाजवतात. दोन्ही लागोपाठ ऐकली तर या परंपरेची अखंडता कानांना कळते.

आणि तरीही, या गटांच्या कार्यक्रमांना उजव्या हाताने नाझी सलामी देणारे तरुणही येत. कृष्णवर्णीय गायकाच्या तालावर नाचायचे आणि मध्येच त्याच्याविरुद्ध घोषणा द्यायच्या, असा तो प्रकार होता. स्पेशल्सनी अशा वेळी कार्यक्रम थांबवून त्यांना सुनावले. एप्रिल १९८१ मध्ये कोव्हेंट्रीत सतनाम गिल या तरुण विद्यार्थ्याचा वंशद्वेषी हल्ल्यात खून झाला, त्यानंतर स्पेशल्सनी शहरात सलोख्यासाठी मोठा कार्यक्रम केला. पहिल्या पिढीच्या मैत्रीत आशियाई माणसाला जागा नव्हती. टू टोनने ती निदान करून पाहिली, म्हणून मला त्यांचे मोल अधिक वाटते.

‘ऑय’ संगीत वंशद्वेषी होते का?

एक संगीतप्रकार म्हणून नाही. ‘ऑय’ म्हणजे पंकचाच अधिक रांगडा, सामूहिक आरोळ्यांचा अवतार. कॉकनी रिजेक्ट्स, एंजेलिक अपस्टार्ट्स, द बिझनेस, कॉक स्पॅरर या गटांची गाणी बेकारी, पोलिसांचा त्रास, फुटबॉल आणि दारूचे गुत्ते यांविषयी आहेत. अपस्टार्ट्स तर उघडपणे फॅसिस्टविरोधी होते. पण या संगीताच्या श्रोत्यांत नॅशनल फ्रंट आणि ब्रिटिश मूव्हमेंट या अतिउजव्या संघटनांचे कार्यकर्ते मिसळलेले होते, आणि आयोजक व पत्रकार यांनी त्याकडे पुरेसे गांभीर्याने पाहिले नाही. १९८१ मध्ये निघालेल्या एका संग्रहाच्या शीर्षकात नाझी घोषणेचा पडसाद होता आणि मुखपृष्ठावर निकी क्रेन हा ब्रिटिश मूव्हमेंटचा हिंसक कार्यकर्ता झळकत होता.

त्याच वर्षी ३ जुलैला द बिझनेस, द लास्ट रिझॉर्ट आणि द फोर-स्किन्स या गटांचा कार्यक्रम पश्चिम लंडनच्या साउथॉलमध्ये हॅम्बरो टॅव्हर्न या पबमध्ये ठरला. साउथॉल ही पंजाबी वस्ती. तेथे जून १९७६ मध्ये गुरदीप सिंग चग्गर या १८ वर्षांच्या मुलाचा खून झाला होता, आणि एप्रिल १९७९ मध्ये नॅशनल फ्रंटविरोधी निदर्शनांत ब्लेअर पीच हे शिक्षक पोलिसांच्या मारहाणीत मरण पावले होते. अशा ठिकाणी बसगाड्या भरून स्किनहेड आले, त्यांपैकी काहींनी दुकानांची मोडतोड केली आणि लोकांना छेडले. स्थानिक आशियाई तरुण शेकडोंनी जमले आणि रात्री तो पब जळून खाक झाला. आम्ही वंशद्वेषी नाही, असे या गटांनी नंतर परोपरीने सांगितले. गटांपुरते ते खरे मानले, तरी त्या वस्तीची जखम ठाऊक असताना तेथे कार्यक्रम ठेवणे हा निष्काळजीपणाच होता, आणि साउथॉलच्या तरुणांनी स्वसंरक्षणासाठी एकत्र येणे समजण्यासारखे होते.

मग नवनाझींनी ही ओळख बळकावली कशी?

योजनापूर्वक. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल फ्रंटने १९७९ च्या निवडणुकीत ३०३ उमेदवार उभे केले आणि एकही निवडून आला नाही. मतपेटीत हरलेल्या या मंडळींनी रस्त्याकडे आणि तरुणांकडे मोर्चा वळवला. त्यांना फुटबॉलच्या मैदानाबाहेर बेकार आणि चिडलेली मुले आयती सापडली, आणि १९८२ च्या आरंभी देशातील बेकारांची संख्या ३० लाखांवर गेली होती. संगीत हे भरतीचे साधन होऊ शकते, हे त्यांना विरोधकांकडून उमगले होते. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ने १९७८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये प्रचंड मेळावा भरवला होता. त्याला उत्तर म्हणून ‘रॉक अगेन्स्ट कम्युनिझम’ काढण्यात आले.

यात मध्यवर्ती ठरला तो स्क्रूड्रायव्हर हा गट. लँकाशरमध्ये १९७६ मध्ये तो साधा पंक गट म्हणून सुरू झाला होता. इयन स्टुअर्ट डोनाल्डसन या गायकाने १९८२ मध्ये त्याची पुनर्बांधणी केली आणि पुढच्याच वर्षी तो गोऱ्यांच्या वर्चस्वाची गाणी उघडपणे गाऊ लागला. नॅशनल फ्रंटने त्यासाठी स्वतंत्र ध्वनिमुद्रण कंपनी काढली, पश्चिम जर्मनीतील रॉक-ओ-रामा कंपनीने तबकड्या टपालाने युरोपभर पाठवल्या, आणि १९८७ मध्ये ‘ब्लड अँड ऑनर’ हे जाळे उभे राहिले. डोनाल्डसन १९९३ मध्ये मोटार अपघातात मरण पावला. या संगीतात जमैकाचा मागमूसही नाही. पेहराव तेवढा ठेवून त्यातला गाभा काढून टाकलेला आहे, म्हणूनच जुन्या परंपरेतले लोक यांना स्किनहेड म्हणायलाच तयार नसतात आणि ‘बोनहेड’ म्हणतात. त्या मुखपृष्ठावरील निकी क्रेनने १९९२ मध्ये आपण समलैंगिक असल्याचे दूरचित्रवाणीवर जाहीर केले आणि नाझी विचार सोडला. पुढच्याच वर्षी तो एड्सने वारला.

अमेरिकेत काय घडले?

तेथे स्किनहेड पोहोचले ते १९८० च्या दशकात, हार्डकोर पंकच्या वाटेने, आणि म्हणून १९६९ ची आठवण तेथे क्षीण होती. १३ नोव्हेंबर १९८८ रोजी पोर्टलंड शहरात मुलुगेटा सेराव या इथिओपियन तरुणाला वंशद्वेषी स्किनहेडांनी ठार मारले. त्यांना चिथावणी देणाऱ्या टॉम मेट्झगर या वर्णवर्चस्ववादी पुढाऱ्यावर आणि त्याच्या संघटनेवर दिवाणी दावा झाला आणि १९९० मध्ये ज्यूरीने सव्वा कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. दूरचित्रवाणीवरील भडक चर्चांनी हीच एक प्रतिमा घरोघरी नेली. मिनिआपोलिसमध्ये मात्र ‘बॉल्डीज’ हे बहुवंशीय स्किनहेडांचे टोळके नाझींना शहरातून हुसकावत होते आणि त्यातूनच ‘अँटी-रेसिस्ट अ‍ॅक्शन’ उभी राहिली. त्यांना कॅमेऱ्यासमोर फारसे बोलावले गेले नाही.

‘शार्प’ आणि ‘रॅश’ या काय संघटना आहेत?

शार्प म्हणजे वंशद्वेषविरोधी स्किनहेडांचे नाव, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेले. कार्डिफच्या द ऑप्रेस्ड या ऑय गटाचे रॉडी मोरेनो यांनी ते ब्रिटनमध्ये आणले आणि ट्रोजनच्या शिरस्त्राणावर आधारलेले बोधचिन्ह दिले. ही काटेकोर संघटना नाही. सभासदत्व, कार्यालय असे काही नसते. रॅश हे १९९३ मध्ये न्यूयॉर्कमध्येच सुरू झालेले डाव्या आणि अराज्यवादी स्किनहेडांचे जाळे आहे. या दोहोंखेरीज ‘पारंपरिक’ म्हणवणारे अनेक जण आहेत, ज्यांना राजकारण नको, संगीत आणि कपडे पुरेत. त्यांची भूमिका मला समजते, पण शेजारी नाझी उभा असताना ‘आम्हाला राजकारण नको’ म्हणणे याचा लाभ नाझीलाच होतो, हे ऐंशीच्या दशकाने दाखवून दिले आहे.

यात स्त्रियांना स्थान होते का?

होते, पण त्यांच्याविषयी लिहिले गेले कमी. मुलींच्या केसांची तऱ्हा वेगळी असे: माथ्यावर आखूड, कपाळावर, कानांपुढे आणि मानेवर लांब बटा. पॉलीन ब्लॅक यांच्याखेरीज टू टोनमध्ये द बॉडीस्नॅचर्स हा केवळ स्त्रियांचा गट होता, त्यात रोडा डकार गात.

कपड्यांवरून किंवा नाड्यांच्या रंगावरून कोण कोणत्या विचाराचा हे ओळखता येते का?

खात्रीने नाही. पांढऱ्या किंवा लाल नाड्यांचे संकेत शहरागणिक बदलत गेले. फ्रेड पेरीचा शर्ट तर सगळेच घालतात. अमेरिकेतील एका अतिउजव्या संघटनेने त्याचा काळा-पिवळा प्रकार गणवेशासारखा वापरला, तेव्हा अमेरिका आणि कॅनडात त्याची विक्रीच थांबवल्याचे कंपनीने २०२० मध्ये जाहीर केले. स्वस्तिक किंवा केल्टिक क्रॉस (वर्तुळातला क्रूस) असेल तर शंकेला जागा नाही. ट्रोजनचे शिरस्त्राण, काळ्या-पांढऱ्या चौकटी किंवा शार्पचे चिन्ह असेल तर माणूस बहुधा दुसऱ्या बाजूचा असतो. परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांनी केवळ आखूड केस पाहून घाबरू नये. एकत्र, दारू प्यायलेले, घोषणा देणारे टोळके दिसले तर मात्र, कपडे कोणतेही असोत, अंतर ठेवावे.

आज ही उपसंस्कृती कोठे आहे?

ब्रिटन, जर्मनी, स्पेन, अमेरिका येथे ती आहेच, आणि रशिया व पूर्व युरोपात तिच्या नाझी रूपाने नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही अनेक बळी घेतले. पण मलेशिया आणि इंडोनेशिया येथेही स्किनहेडांचे उत्साही गट आहेत, स्का आणि ऑय वाजवणारे. ‘गोऱ्यांची संस्कृती’ या दाव्याला याहून सरळ उत्तर नाही.

ऐकायला सुरुवात कोठून करावी?

प्रथम डेस्मंड डेकर यांचे ‘डबल ओ सेव्हन’ आणि ‘इझ्रायलाइट्स’. मग टूट्स अँड द मेटल्सचे ‘डू द रेगे’; १९६८ च्या या गाण्याने रेगे हे नाव तबकडीवर आणले. त्यानंतर सिमारिप, लॉरेल एटकेन, आणि १९७१ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले डेव्ह अँड अ‍ॅन्सेल कॉलिन्स यांचे ‘डबल बॅरल’. प्रिन्स बस्टर यांचे ‘अल कपोन’ ऐकून लगेच स्पेशल्सचे ‘गँगस्टर्स’ लावावे, म्हणजे कोणी कोणाकडून काय घेतले ते स्पष्ट होईल. शेवटी स्पेशल्सचेच ‘घोस्ट टाउन’. बंद पडलेल्या शहराचे ते गाणे जुलै १९८१ मध्ये, साउथॉलचा पब जळाला त्याच महिन्यात, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते.